तेरा हजार किलोमीटर, पंधरा तास

सासूबाईंना शुद्धीवर आणता येईल, पण एकदाच, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. वेदनेचं औषध कमी केलं की चार-पाच तासांनी त्या डोळे उघडतील, घटकाभर बोलतील. मग औषध पुन्हा वाढवावंच लागेल, आणि दुसऱ्यांदा हे त्यांना झेपणार नाही. तेव्हा परदेशातला मुलगा नक्की किती वाजता पोचतो, तेवढं सांगा.

मुलगा म्हणजे माझा मेहुणा. विमानात बसण्याआधी त्याने तिकिटाचा फोटो माझ्या बायकोला पाठवला होता. सासऱ्यांनी तिचा फोन मागून घेतला. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. मुलं त्यांना पाठीमागे 'रेखांश' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. घरच्या पृथ्वीगोलावर दोरा लावून त्यांनी अंतर आधीच काढलेलं होतं, तेरा हजार किलोमीटर. म्हणजे हवेतले पंधरा तास. पोचायची वेळ तिकिटावर छापलेलीच होती, सकाळी सहा वीस. एखाद्या अडाण्याने ती वाचली असती आणि तो गप्प बसला असता. सासऱ्यांनी तिच्यात साडेनऊ तास मिळवले, कारण मुलाच्या शहरातली घड्याळं आपल्या साडेनऊ तास मागे, आणि तिकीट तिकडे काढलेलं. उत्तर आलं दुपारचे तीन पन्नास. प्रवास त्यामुळे फारच लांबत होता, पण ते जास्तीचे तास त्यांनी मधल्या विमानतळावर विमान बदलण्यात जिरवले.

"तिकिटावर ज्या त्या गावची वेळ असते ना?" मी विचारलं.

चौथीतल्या मुलाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जावयाला मान असतो, मत नसतं. मी चहा आणायला गेलो. विमान कंपनीला फोन करून खात्री करून घे, असं बायकोला म्हणावं, हेही मला सुचलं नाही.

डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं, औषध सकाळी अकराला कमी करणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मेहुणा बॅग ओढत खोलीच्या दारात उभा राहिला. सासरे स्टुलावरून उठले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि परत खाली बसले. बायको डॉक्टरबाईंना बोलवायला धावली. औषध तेव्हाच कमी केलं. मेहुण्याने आईचा हात हातात घेतला, आणि आम्ही सगळे त्यांच्या पापण्यांकडे बघत बसलो. नऊच्या सुमारास पापण्या हलल्या, असं बायको म्हणते. मला दिसलं नाही. दहानंतर श्वास लांबत गेला. अकराला दहा मिनिटं कमी असताना तो थांबला. डोळे उघडले नाहीत.

कागदपत्रांवर सह्या करून मी बाहेर आलो, तर सासरे बाकावर एकटेच होते. फोनवर तिकिटाचा फोटो मोठा करून ते पुन्हा पुन्हा वाचत होते. मेहुणा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"साडेनऊ तास," सासरे म्हणाले. मान वर केली नाही. "मीच रे."

"विमान लवकर पोचलं, बाबा. वारा मागून होता."

सासऱ्यांनी आता वर पाहिलं. मागच्या वाऱ्याने साडेनऊ तास वाचतात, असं उत्तर लिहिणाऱ्याला त्यांनी अर्धा गुणसुद्धा दिला नसता.

"एवढा?"

"हो. पायलटनेसुद्धा सांगितलं."

सासऱ्यांनी फोनवरचा तिकिटाचा फोटो बंद केला.

"असतो कधी कधी," म्हणाले, आणि बाकावर थोडं सरकून त्यांनी मुलाला जागा करून दिली.