पट्टा बदलायचा राहिला

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे आणि सध्या मला चाकं नाहीत. एका गॅरेजच्या मागच्या अंगणात विटांच्या चार थप्प्यांवर मला ठेवलं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मग जरा ऐका.

माझं इंजिन एका माणसाने एकट्याने जोडलं होतं, सुती हातमोजे घालून. त्याने शेवटचा बोल्ट आवळला आणि माझ्यावर कान टेकवून ऐकलं. तसं पुन्हा कोणी ऐकलं नाही. पहिल्या मालकाने मला मिरवलं. दुसऱ्याने पिटाळलं. तिसऱ्याने झाकून ठेवलं. कौतुक मात्र तिघांनीही पोटभर केलं. कौतुकाला पैसे पडत नाहीत ना!

चौथा मालक कवळ्या बनवणारा होता. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि हे नवरा-बायको घरामागच्या खोलीत दात घडवायचे. त्याच्या नखांत कायम प्लास्टरची पांढरी भुकटी. माझ्यासारख्या गाडीचं चित्र त्याने शाळेत असल्यापासून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. मला घ्यायला आला तेव्हा त्याने तीन प्रश्न विचारले. किती पळते? आवाज कसा आहे? पहिला मालक कोण? शेवटचं काम कधी झालं, हे त्याने विचारलं नाही. विकणाऱ्यानेही सांगितलं नाही. तो कशाला सांगेल?

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण मोठी माणसं ती तुमच्यापासून लपवतात आणि स्वतःपासूनही. जुनी झाल्यावर माझी किंमत उतरून पाचव्या हिश्श्यावर आली. म्हणून तर मी त्याला परवडले. पण माझे टायर, माझ्या ब्रेकच्या चकत्या, माझं तेल यांची किंमत एका पैशानेही उतरली नाही. त्याने मला छोट्या गाडीच्या भावात घेतलं आणि पोसायचं होतं मोठ्या गाडीच्या भावात. पहिल्या वर्षी टायर झाले. दुसऱ्या वर्षी ब्रेक. तेव्हा त्याने बिलाची घडी घालून ती मोज्यात लपवली. मी पाहिलं.

माझी शेड त्यांच्या कामाच्या खोलीला लागून होती. समोरच खिडकी. आत एक छोटी भट्टी होती, चिनी मातीचे दात भाजायची. तीही जुनी. तिची कॉइल दमली होती, आच एकसारखी राहत नव्हती. दातांवर केसाएवढी चीर यायची आणि डॉक्टर ते परत पाठवायचे. बायको ते तडकलेले दात खिडकीतल्या काचेच्या बरणीत टाकायची. ती बरणी भरताना मी रोज बघत होते.

"भट्टी अजून एक वर्ष काढेल," तो म्हणायचा.

"भट्टी काढेल हो. डॉक्टर काढतील का?"

त्यावर तो बाहेर येऊन माझं बॉनेट पुसायचा.

मला बघणारा मिस्त्री म्हणजे पानेकाका. खिशात सदैव नट आवळायचे दोन-तीन पाने, म्हणून हे नाव. तेल बदलताना त्यांना माझ्या कप्प्यात शेवटच्या कामाची एक जुनी चिठ्ठी सापडली.

"कवळीवाले, इंजिनातला पट्टा आठ वर्षांचा झालाय. पाच वर्षांनी बदलायचा असतो तो."

"अहो काका, गाडी चाललीच कुठे? वर्षातून चार रविवार!"

"रबराला रविवार कळत नाही. उभ्या उभ्या वाळतं ते."

मग काकांनी खर्च सांगितला. माझा पट्टा अशा जागी आहे, की तो बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं.

"म्हणजे लेंग्याची नाडी बदलायला माणूसच उसवायचा!" तो हसत म्हणाला.

"हो. माणूस शिवलाच तसा आहे," काका म्हणाले. ते हसले नाहीत.

त्या दिवसापासून त्याने मला चालवणं आणखी कमी केलं. वापरलीच नाही तर झिजेल कशी, हा त्याचा हिशेब. आणि हाच माणूस खिडकीत उभा राहून, कवळी दुरुस्तीला घेऊन आलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना बजावायचा, "आजोबा, कवळी घाला नाहीतर नका घालू, पण पाण्यात ठेवा. कोरडी पडून राहिली की वाकते." आठवड्यातून दोनदा तरी मी हे ऐकायचे. त्याच्या तोंडचं वाक्य त्याच्या कानापर्यंत कधी पोहोचलंच नाही.

मग एक दिवस बरणी काठोकाठ भरली. निम्मं काम देणाऱ्या डॉक्टरांनी निरोप धाडला, महिनाभरात दात नीट आले नाहीत तर दुसरीकडे देऊ. बायको भांडली नाही. तिने बरणी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "गाडी विका. नवी भट्टी घेऊ. नाहीतर दोघं घरी बसू."

तो माझ्यात येऊन बसला. किल्ली लावली नाही. स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला आणि मग आत जाऊन "बरं" म्हणाला.

रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. पानेकाकांनी पुन्हा सांगितलं, "आधी पट्टा बदला. नाही जमत, तर निदान घेणाऱ्याला खरं सांगा." त्याने काय केलं? होते नव्हते ते पैसे पॉलिशवर घातले. तीन दिवस मला घासलं.

"काकांनी सांगितलेलं झालं का?" बायकोने विचारलं.

"घेणारा वरून बघतो. आत कोण बघतंय?"

मला राग आला, मित्रांनो. पण इंजिनाला तोंड असतं तर गोष्ट वेगळी होती.

गिऱ्हाईक हॉटेलवाला होता. त्यानेही तेच तीन प्रश्न विचारले. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "जरा दाबा की!" मालकाने दाबलं. खरं सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी माझा आवाज मोकळा झाला होता. आणि पट्टा तुटला. जुनं फडकं फाटावं एवढाच आवाज. मागोमाग लोखंड लोखंडावर आपटलं आणि मी गप्प झाले.

हॉटेलवाल्याने दार उघडलं. "मी चालत जातो," म्हणाला.

पानेकाकांनी मला ओढून आपल्या गॅरेजवर नेलं आणि इंजिन उतरवलं. तो पट्टा व्हॉल्व्हची उघडझाप सांभाळतो. तो तुटला की पिस्टन येऊन व्हॉल्व्हवर आदळतात. वाकलेले व्हॉल्व्ह काकांनी कागदावर ओळीने मांडले होते. बायको त्यांच्याकडे बघत राहिली.

"आजोबांना काय सांगता तुम्ही?" तिने हळूच विचारलं. "घाला नाहीतर नका घालू, पाण्यात ठेवा. हे तुम्हाला कोणी सांगायचं होतं?"

तो नखातली भुकटी काढत राहिला.

दुरुस्तीचा खर्च माझ्या किमतीहून जास्त होता. म्हणून मी तुकड्यातुकड्याने विकले गेले. टायर, ब्रेक, दारं, सीट. ब्रेक तेवढे नवे होते, त्यांना चांगला भाव आला. तेवढ्यात नवी भट्टी बसत नव्हती. कोणाची तरी वापरलेली बसत होती.

माझी चाकं न्यायला मालक आला त्या सकाळी तो माझ्याशेजारी उभा राहून फोनवर बोलत होता.

"किमतीचं नंतर बघू. कॉइल शेवटची कधी बदलली?... चिठ्ठी आहे?... नाही? मग मी येतो, भट्टी माझ्यासमोर उघडा. आतून बघितल्याशिवाय घेणार नाही."

बायको माझ्या बॉनेटला टेकून ऐकत होती. तिने मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि एक चाक उचलायला पुढे झाली.

तो प्रश्न त्याला विचारता आला, मित्रांनो. फक्त माझ्या वेळेला नाही आला.

तुमच्या घरातही काही ना काही गप्प उभं असेल. सायकल असेल, शिलाई मशीन असेल, पाण्याचा पंप असेल. कुरकुरत नाही म्हणजे मजेत आहे, असं धरून चालू नका. झाकण उघडा. आत बघा. शेवटचं काम कधी झालं ते विचारा, आणि उत्तर आलं नाही तर गप्प बसू नका. पुसून समाधान मानू नका. मी थकले आहे, पण हे सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

कधी या अंगणात आलात तर माझ्या बॉनेटवर वाकून बघा. ते तीन दिवसांचं पॉलिश अजून टिकून आहे. तुमचा चेहरा लख्ख दिसेल.