एका संताचे तीन दिवस

संत जॉर्ज एक, त्याचा घोडा एक, भाला एक. पण आमच्या बानात प्रांतातल्या गावात त्याचे दिवस तीन! रुमानियन लोक तेवीस एप्रिलला साजरा करतात. आम्ही हंगेरियन चोवीसला, स्लोव्हाकही चोवीसला. आणि सर्बियन चर्चचं कॅलेंडर तेरा दिवस मागे चालतं, म्हणून त्यांचा सहा मेला. त्यात निम्म्या गावाचं नाव या एकाच संतावरून ठेवलेलं. शेजारचा रुमानियन गेओर्गे, समोरचा स्लोव्हाक युराय, आणि आमच्या घरात हे, ग्यॉर्गी. दोन आठवडे गाव नुसतं पीत असतं आणि बायका रांधून मरतात. संताला काय, तो बसलाय घोड्यावर!

पाद्रीबाबा सांगतात की नाव मूळचं ग्रीक, अर्थ जमीन कसणारा. ह्यांनी जन्मात नांगर धरला नाही. गाड्या आणि चाकं करणारे सुतार हे. मी परसात दोन वाफे कांद्याचे लावते, तेवढीच आमच्या घरातली शेती.

आमच्याकडे वाढदिवसाला कुणी विचारत नाही, नावाचा दिवस मोठा. त्याची रीतही पक्की आहे. कुणाला बोलवायचं नाही. बोलावलं तर माणसाला राग येतो, म्हणजे काय मला आठवण नव्हती का! ज्याला यायचं तो आपणहून येतो, आणि आलेल्याला दारातून परत लावायचं नाही, मग तो वैरी का असेना.

म्हणूनच माझा जीव त्या दिवसावर टांगलेला होता. आमची एकुलती एक लेक पिरोश्का. आठ वर्षांपूर्वी तिनं रादिवोय नावाच्या सर्बियन बसचालकाशी लग्न केलं, कचेरीत जाऊन, आम्हाला न सांगता. तेही हळूहळू निवळलं असतं. पण मुलगा झाला, आणि आजोबांचं नाव ठेवलंय असा निरोप आला, तेव्हा ह्यांनी नवा कोट घातला. कोट घालूनच विचारलं, "ग्यॉर्गीच ना?" निरोप्या म्हणाला, "जोर्जे. सर्बियनमध्ये तेच की!" ह्यांनी कोट काढून खुंटीला लावला. "माझं नाव ठेवलं नाही, माझं नाव बदललं," म्हणाले. संपलं! सहा वर्षं झाली, नातवाचं तोंड पाहिलं नाही.

यंदा मार्चमध्ये पोस्टातली मिलेना पत्रं टाकायला आली आणि दारातच कुजबुजली, "एटेलकाकू, तुमची पिरोश्का बाजारात भेटली होती. रादिवोयला जर्मनीत कारखान्यात काम मिळालंय. मे महिन्यात सगळे निघणार. म्हणाली, संत जॉर्जच्या दिवशी पोराला घेऊन येते, आईला सांग. बाबांनी दार उघडलं तर ठीक, नाहीतर मग कायमचंच गेलो."

मी ह्यांना सांगितलं. हे चाकाचा आरा तासत होते. मान वर न करता म्हणाले, "त्या दिवशी गावातलं कुत्रंसुद्धा येतं. मी कुणाला अडवलंय?" ह्यांच्या तोंडून हे म्हणजे पायघड्याच.

मी दोन दिवस राबले. कोंबडीचं सूप, लाल मिरचीतलं मटण, डुकराच्या कुरकुरीत चरबीचे पाव, खसखशीची गुंडाळी. चोवीसला सकाळी हे न सांगता दाढी करून बसले. गेओर्गे आला, युराय आला, पाद्रीबाबा आले, ज्याला मी ओळखतही नाही असा एक घोडेवाला आला आणि तीन ताटं जेवून गेला. पिरोश्का आली नाही. दुपार झाली, गुरं परतली, हे फाटकाकडे बघायचे आणि माझी नजर गेली की लगेच घड्याळाकडे बघायचे. शेवटी उठले आणि तिच्यासाठी ठेवलेली खुर्ची उचलून कोठीत टाकली.

"बघितलंस? थट्टा चालवलीय बापाची," म्हणाले. "यापुढे तिचं नाव या घरात काढायचं नाही."

माझाही संताप झाला होता. पोटच्या पोरीनं असं करावं? बारा दिवस आम्ही दोघं एकमेकांवर भांडी आपटत राहिलो.

सहा मेला अकराच्या सुमारास शहराची बस आली. मी अंगणात चादर झटकत होते. बघते तर पिरोश्का! हातात कापडात बांधलेला केक, मागे निळ्या सदऱ्यातलं पोर. माझ्या हातातली चादर चिखलात पडली.

"आज?" मी ओरडलेच. "अगं, आज कशी आलीस? चोवीसला वाट बघून डोळे गेले आमचे!"

ती गोंधळली. "आई, आजच ना? सासूबाई म्हणाल्या, पोराला ज्याचं नाव दिलं त्याच्या दारी पोराच्या दिवशी न्यायचं असतं. आमच्याकडे सहालाच... अगं बाई!" तिनं कपाळावर हात मारला. "आठ वर्षं तेच कॅलेंडर बघतेय गं. तुझं चोवीस माझ्या डोक्यातूनच गेलं."

या गावाबाहेर अशी चूक कुणाची झाली नसती. हसावं की रडावं? पण तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, खिडकीतून, खणखणीत: "आज या घरात कुणाचा नावाचा दिवस नाही! आमचा होऊन गेला. सांग तिला."

पिरोश्काचा चेहरा पांढरा पडला. ती पोराचा हात धरून वळली आणि रस्त्यापलीकडे तुतीखाली बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसली. तीच बस बाराला परत शहराला जाते.

मी घरात गेले ती वाघिणीसारखी.

"झालं समाधान? याच महिन्यात ती पोर जर्मनीला चाललीय! तुमचं नाव, तुमचं नाव! कुठलं हो तुमचं नाव? बाप्तिस्म्याच्या वहीत लॅटिनमध्ये गेऑर्गिउस लिहिलंय. सुतारकाम शिकवणारा जर्मन उस्ताद शोर्श म्हणायचा, तर धावत जायचात. सर्बियन राजाच्या फौजेत दोन वर्षं जोर्जे होतात, हजेरीला ओ देत होतात! आई ग्युरी म्हणायची. इतक्या नावांना ओ दिलीत, आणि नातवाच्या नावाला तेवढे बहिरे?"

"ती मला लोकांनी दिलेली नावं होती," हे म्हणाले. "हे पोटच्या पोरीनं केलं."

"मग लेकीला हाक मारा आणि तोंडावर सांगा!"

"नावाच्या दिवशी कुणी कुणाला बोलावतं का?" हे खेकसले. "रीत आहे."

"खड्ड्यात गेली तुमची रीत!" मी म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं. टेबलावर कालचं कोबीचं सूप आणि पावाचा एक टोकाचा तुकडा, एवढंच होतं. तिला आत आणलं असतं तरी पुढ्यात काय ठेवणार होते मी?

ह्यांनी खिडकीतून पलीकडच्या बाकाकडे बघितलं. मग म्हणाले, "आज त्या पोराचा दिवस आहे म्हणाली ना ती?"

"त्यांच्या कॅलेंडरनं, हो."

"मग यजमान तो."

त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. कपाटातून प्लमच्या दारूची बाटली काढली, बाहीनं पुसली, कारण पाहुण्यानं रिकाम्या हातानं जायचं नसतं. माझ्याकडे न बघता दाराबाहेर पडले. मीही तशीच सपातांवर मागे धावले.

रस्ता ओलांडून हे बाकापुढे उभे राहिले. पिरोश्कानं मान वर केली नाही. ह्यांनी टोपी काढली, लेकीपुढे नव्हे, पोरापुढे.

"जोर्जे," हे सर्बियनमध्ये म्हणाले, "तुझा दिवस सुखाचा जावो. कुणी बोलावलं नाही, मीच आलोय. बसू का?"

पोरानं आईकडे बघितलं. आईनं मांडीवरची केकची पुरचुंडी उचलून जागा केली.

"बसा," पोर म्हणालं. "पण आमची बस येतेय."

खरंच आली. थांबली. चालकानं दार उघडून वाट पाहिली, एकदा हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा. पिरोश्का केकची गाठ सोडत होती, ती काही उठली नाही.