चोथा कोरडा निघायला हवा

आमच्याकडे वायर असलेली कुठलीही वस्तू माझ्या होकाराशिवाय घरात येत नाही. इस्त्री असो, पंखा असो, नाहीतर धाकट्या बहिणीच्या घरातला टेबललॅम्प; आधी दादा बघणार, मग खरेदी. ही पद्धत पाडली कुणी? मीच. आणि चारचौघांत मिरवलीही मीच.

त्यामुळे मेहुणे जिन्यावरून पडले, जबडा मोडला आणि डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं बांधून टाकले, तेव्हा बहिणीनं मलाच फोन केला.

"दादा, यांना आता सगळं स्ट्रॉनंच. दूध घेतात, पण फळं-भाज्यांचा रसही द्यायला सांगितलाय. चोथा तारांत अडकता कामा नये आणि वजन उतरता कामा नये. ज्यूसर कुठला घेऊ?"

"तू काही घेऊ नकोस. मी बघतो," मी म्हणालो. काय तो रुबाब!

आणि बघायला लागलो. एक प्रकार भराभर फिरणाऱ्या पात्याचा. रस झटक्यात निघतो, पण कानठळ्या बसतात, वर फेस येतो आणि चोथा ओलाच राहतो. म्हणजे निम्मा रस कचऱ्यात. दुसरा सावकाश दाबून पिळणारा. आवाज नाही, चोथा कोरडा. पण तुकडे बारीक करा, जाळी ब्रशनं घासत बसा. तिसरा दांडा दाबायचा, तो संत्र्या-मोसंब्यापुरताच. मी पिशवीत गाजरं घेऊन दुकानं पालथी घातली. मशीन चालवायला लावायचं आणि चोथा मुठीत धरून पिळायचा. थेंब गळला की मशीन नापास. शेवटी शेवटी दुकानदार मला लांबून बघूनच म्हणायचा, "काका, आजपण गाजरं?"

बायको म्हणाली, "अहो, मला बघायला आला होतात तेव्हा पोहे यायच्या आत होकार दिलात. आणि या डब्याला एवढा वेळ?"

"म्हणूनच," मी म्हणालो. ती दोन दिवस बोलली नाही.

बहीण मधूनमधून विचारायची, "दादा, ठरलं का रे?"

"थांब गं. घाईत घेतलेलं गळ्यात पडतं. तोवर भागवतेस ना?"

"हो. किसणीवर किसते आणि फडक्यात पिळते."

"छान," मी म्हणालो. छान! जीभ कशी झडली नाही माझी?

अखेर सावकाश पिळणारा पसंत पडला. आज सकाळी खोका काखोटीला मारून तिच्या दारात उभा राहिलो. दार मेहुण्यांनी उघडलं. त्यांचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. हसले, तर दात मोकळे.

"काल काढल्या तारा," ते म्हणाले. समोर दुधात बुडवलेला पाव होता.

वरातीमागून घोडं, आणि घोडं आणणारा मी. तरी खोका सोडायला बसलो. बहिणीनं पाण्याचा पेला आणला, डाव्या हातानं. उजवा ओढणीखाली.

"बघ, झाकण असं फिरवायचं," मी म्हणालो. "फिरवून बघ."

तिनं उजवा हात बाहेर काढला. मनगट अंगठ्याच्या बाजूनं टम्म सुजलेलं. झाकणाला नुसती बोटं लावली आणि ओठ चावून हात मागे घेतला.

"हे काय गं?"

"पिळून पिळून झालंय. गाजर भारी चिवट असतं रे."

"मग बोलली का नाहीस? मला सांगायचं नाही?" मी ओरडलोच. चूक माझी, आवाज माझाच चढलेला.

"सांगितलं असतं तर तू घाईघाईत कुठलंतरी घेतलं असतंस," ती म्हणाली. "मग तुझ्याच जिवाला लागून राहिलं असतं."

पाव चावताना मेहुणे थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे बरं केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुठीत चोथे पिळत हिंडत होतो आणि इकडे माझी बहीण स्वतःचा हात पिळत होती.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "हाताला कुठला डॉक्टर चांगला, जरा बघून सांगशील? घाई नाही."

'बघतो, चौकशी करतो' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"चपला घाल."

"आत्ता? आणि हे मशीन?"

"खड्ड्यात गेलं मशीन. चल."

चपलेचा पट्टा तिला एका हातानं लागेना. मी खाली बसलो आणि लावला.

"अरे, पण कुठल्या डॉक्टरकडे?"

"कोपऱ्यावर पाटी आहे ना, त्याच्याकडे."

"तो चांगला आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो आणि तिचा डावा हात धरून जिना उतरायला लागलो.