अरकाच्या पेल्याचा गोंधळ

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे, मुठीत मावेल एवढा. भट्टीतून निघालो आणि अरबांच्या मुलखातल्या झाहले गावात नूहादबाईंच्या घरी आलो. आमच्यात अरक ओततात, म्हणजे बडीशेपेच्या वासाची द्राक्षांची दारू. पाणी घातलं की ती पांढरी होते. वापरलेल्या पेल्यात पुन्हा ओतायची नाही, दर खेपेला कोरा पेला घ्यायचा, अशी इथली रीत. त्यामुळे रविवारच्या लांबलचक जेवणात बाईंच्या हातात मी एकदाच जायचो. पाहुणे आमच्या चकाकीचं कौतुक करत आणि मी फुशारून जायचो.

"मी बाई एखादाच पेला घेते," असं त्या सांगायच्या. मला ते खरंच वाटायचं.

मग रविवारी त्यांच्याबरोबर अरक घेणारी त्यांची धाकटी बहीण सलवा स्तनांच्या कर्करोगाने गेली. वर्षभर आम्ही कपाटात धूळ खात पडलो. पुन्हा बाहेर निघालो तेव्हा लेक रीमा नुकतीच स्वतःची तपासणी करून आली होती. त्या रविवारी तिने आईचे वापरलेले पेले उचलूच दिले नाहीत.

"आई, हे सगळे तुझे."

"चल! मी तर एकच..." बाई पेल्यांकडे बघत राहिल्या.

"दारूने स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जितकी जास्त, तितका जास्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"अगं, हा घरचा अरक आहे! आपल्या मळ्यातली द्राक्षं!"

"घरचा असो, नाहीतर वाइन, नाहीतर बियर. सगळं सारखंच."

"मग शेजारची ओदिल? तिने थेंबालाही हात लावला नाही, तरी तिला झालाच ना?"

"न पिणाऱ्यांनाही होतो, आई. पिण्याने धोका वाढतो, एवढंच म्हणतेय मी."

"आणि तुझ्यापुढे काय आहे गं, ताक?"

रीमापुढे मी होतो, अर्धा भरलेला.  मी तर पुरता गोंधळलो. सलवाबाईंचा आजार माझ्यामुळे होता का? ते म्हणे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही.

"सलवाला हे कुणीच कसं सांगितलं नाही?" नूहादबाईंनी विचारलं. त्या उठल्या, लेकीपुढून मला उचललं आणि बेसिनमध्ये उपडं केलं. "माझं माझं मी बघीन. तू मात्र नको."

"दोघीही नको, आई."

बाईंनी मान हलवली. हो की नाही, ते मला उपडा असल्याने दिसलं नाही.

मित्रांनो, भरण्यासाठी जन्मलेल्या पेल्याने रिकामं राहायची इच्छा धरावी का, मला कळत नाही. पण तुमच्या आईला, मावशीला, ताईला हे सांगा. सलवाबाईंना सांगायचं राहून गेलं.