वलवणच्या सुरूवरचा बर्फ

मित्रांनो, मी एक जुना सुरू आहे आणि मला फार राग आला आहे. तो गिळून गोड बोलणं आता मला जमणार नाही.

लोणावळ्याजवळच्या वलवणमधल्या एका रिसॉर्टच्या हिरवळीवर मी उभा आहे. वीतभर होतो तेव्हा बहिरू माळ्याने मला इथे लावलं. डोंगराकडच्या वाडीतला हा माणूस भर उन्हाळ्यात माझ्यासाठी डोक्यावरून पाणी आणायचा. मी वाढलो, पाहुणे माझ्या सावलीत बसू लागले. दर नाताळला बहिरू माझ्यावर कागदी चांदण्या टांगायचा. मला तो सण आवडायचा, खोटं कशाला सांगू?

मग सुहास नावाचे नवे मॅनेजर आले. त्यांना नाताळला बर्फ हवा होता. मावळात! डिसेंबरात इथे भात कापून झालेला असतो, शेतात वाल फुललेला असतो आणि दुपारचं ऊन चटके देतं. तरी त्यांनी बहिरूला मला पांढरं करायला सांगितलं. बहिरूने आपल्या समजुतीने, रस्त्याकडेच्या झाडांना लावतात तसा, माझ्या बुंध्याला चुना आणि गेरू लावला. साहेब सर्वांदेखत त्याच्यावर खेकसले आणि त्यांनी रंगारी बोलावून माझ्या फांद्यांवर पांढरा ऑइलपेंट फवारून घेतला.

पाला झाकला तर झाड जगेल कसं, असं बहिरूने विचारलं. त्याला गप्प बसवलं.

त्याच आठवड्यात राजेश्वरी नावाच्या एक शिक्षिका माझ्याखाली बसून आपल्या मुलीला सांगत होत्या, की थंड देशांत हिवाळ्यात बहुतेक झाडं बोडकी होतात, सूचिपर्णी झाडं तेवढी हिरवी राहतात, म्हणून लोक त्यांना कौतुकाने घरात आणतात. म्हणजे कौतुक हिरवेपणाचं होतं, आणि माझा तोच पुसला! तिथला बर्फ फांद्यांवरून घसरतो, उन्हाने वितळतो. माझा लोणावळ्याच्या पावसातही निघाला नाही. तीन नाताळ हेच चाललं.

आता मी शेंड्यापर्यंत वाळलो आहे. साहेबांनी ठरवलं, हे तोडा, प्लॅस्टिकचं आणू. कुऱ्हाड बहिरूच्याच हातात दिली. त्याने ती खाली ठेवली.

"म्या लावलंय, म्या न्हाई तोडायचो. ज्यानं रंगवलं, त्यानं तोडावं."

त्याला लगेच कामावरून काढलं. उद्या कामशेतहून करवतवाला येणार आहे.

मित्रांनो, सण जरूर करा. दारात आंबा असो की केळ, चांदणी त्यावर टांगा. पण झाडाला परक्या मुलखाचं सोंग घ्यायला लावू नका. मी तर आता सरपणात जाईन. बहिरू सकाळपासून फाटकाबाहेर बसून आहे. झाड जगवणारा बाहेर आणि रंगवून मारणारा आत, हे तुम्हाला चालतं का?