बाटलीच्या पाठीवरचं नाव

खरं सांगते, त्या सोमवारी सकाळी मी आनंदाने नाचायची तेवढी बाकी होते. आठ महिने आमच्या चिंगीच्या हातांची दुर्दशा चालली होती आणि आज ती करणाऱ्याचं नाव आमच्या हाती लागलं होतं.

चिंगी म्हणजे माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. चार वर्षं माझ्या पार्लरमध्ये आहे. केस कापावेत तर तिनेच. पण बोटांच्या पेरांना भेगा, मनगटापर्यंत लाल चट्टे, कात्री धरली की रक्त. तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, ओळखीच्या ऑफिसात तिच्यासाठी टेबलावरची नोकरी बघून ठेवली होती. गुरुवारपर्यंत हो म्हणायचं होतं. ‘लोकांची डोकी धुण्यापायी हात घालवू नकोस’ हे त्यांचं पालुपद. चिंगी नुसती कात्री पुसत बसायची. मला ते बघवत नसे.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कशाचा त्रास होतो ते शोधायला तिच्या पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा लावल्या, चार दिवस वाट पाहिली आणि चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन. मालगाडीएवढं नाव! शांपू, लोशन नासू नये म्हणून घालतात म्हणे. सगळ्यांना त्रास होतो असं नाही, पण एखादीच्या कातडीने त्याच्याशी वैर धरलं की थेंबभरही चालत नाही. “बाटलीवर समोरचं काही वाचू नका, मागचं वाचा,” बाई म्हणाल्या. “हे टाळलं तर हात बरे होतील. काम सोडायची गरज नाही.”

सोमवारी पार्लर बंद असतं. मी शटर अर्धं वर केलं आणि फर्मान सोडलं, “काढ सगळ्या बाटल्या.”

चिंगीने एक बाटली उचलली, फिरवली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मागे काहीच नव्हतं. असणार कुठून? माझी हौस अशी की माल आला की तो एकसारख्या पांढऱ्या बाटल्यांत ओतायचा, त्यावर सुबक अक्षरात ‘शांपू’, ‘लोशन’ लिहायचं आणि मूळ बाटल्या भंगारात द्यायच्या. फळी कशी देखणी दिसते! येणारी प्रत्येक बाई कौतुक करायची. त्या कौतुकापायी मी सगळे पुरावे स्वतःच्या हाताने देऊन टाकले होते.

“मावशी, आता?” चिंगीचा चेहरा उतरला.

“आता काय, जिथून आणलं तिथे जाऊ,” मी म्हटलं आणि शटर धाडकन खाली ओढलं.

दोन गल्ल्यांपलीकडे सामानवाल्या काकांचं दुकान आहे. आम्ही अक्षरशः धापा टाकत पोचलो. काकांना चिठ्ठी दाखवली तर त्यांनी भिंग काढून दिलं आणि आमच्या यादीतला एकेक माल काउंटरवर मांडायला घेतला. चिंगी भिंग धरून वाचायची, मी चिठ्ठी धरून बसलेली. शांपू. नाही. केसांचा रंग. नाही. “पण रंगाला हातमोजे घालायचेच,” मी दटावलं. नखांचा रंग घ्यायला आलेली एक बाईही आमच्यात घुसली आणि चष्मा पुसून क्रीमचे डबे वाचायला लागली. आता सापडेल, आता सापडेल.

बावीस वस्तू झाल्या. एकीतही नाही.

चिंगीने भिंग हळूच खाली ठेवलं. “बाबांना हो म्हणून टाकते,” ती म्हणाली.

“आणि तुमचं ते हँडवॉश?” काका म्हणाले. “दर महिन्याला नेता ते?”

“ते कशाला बघायचं,” मी फिसकारले. “कोरफडीचं आहे ते. नैसर्गिक. मी खास हिच्यासाठी नेते.”

हिरवी बाटली, वर टपोरं पान. चिंगीने ती फिरवली. बोट ओळीवरून सरकत गेलं आणि शेवटून तिसऱ्या नावावर थांबलं. तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, शेजारी धरली, अक्षर न अक्षर ताडून पाहिलं. मग ती त्या दुकानात, परक्या बाईसमोर, चक्क उडी मारून हसली. ती बाईही टाळ्या वाजवायला लागली.

मला हसू येईना. आठ महिन्यांपूर्वी तिचे हात जरा कोरडे पडले म्हणून ते मीच आणलं होतं. चट्टे वाढले तशी मीच ओरडायचे, प्रत्येक गिऱ्हाईकानंतर नीट चोळून धू. पोरगी निमूट धूत राहिली. माझ्या मायेनेच तिची कातडी सोलली होती.

“मावशी, रडतेस काय? सापडलं ना,” चिंगी म्हणाली आणि तिने तिच्या भेगाळलेल्या हातांनी माझे डोळे पुसले.

त्याच संध्याकाळी मी दाजींना फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. “मला सहा आठवडे द्या,” म्हटलं. ते म्हणाले, “नोकरीवाल्यांना थांबवतो. पण सहाच.”

मग काय, मी हात धुऊन मागे लागले. ते नाव नसलेलं, बिनवासाचं साबणाचं पाणी आणलं. हात धुतल्यावर लावायला साधी पेट्रोलियम जेली. नवीन काहीही आलं की चिंगी ते आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायची, मगच कामात घ्यायचं. डॉक्टरीणबाईंचं मलमही चालू होतं. पाचव्या आठवड्यात भेगा मिटल्या.

सहाव्या शनिवारी दाजी आले, बूटही न काढता दारातच उभे. “दाखव हात,” म्हणाले.

“आधी बसा, बाबा,” चिंगी म्हणाली.

तिने त्यांना खुर्चीत मागे टेकवलं, कोमट पाणी सोडलं आणि उघड्या बोटांनी त्यांचं डोकं धुवायला घेतलं. चार वर्षांत ते एकदाही या खुर्चीत बसले नव्हते. कानामागून, मानेपर्यंत, पुन्हा वर. दाजींनी डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. मी मुद्दाम टॉवेलांच्या घड्या घालत बसले.

डोकं पुसून झाल्यावर ते उठले नाहीत. तिचा हात धरून त्यांनी अंगठ्याने एकेक बोट चाचपलं, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, “पुढच्या शनिवारी जागा आहे का?”