फळीच्या दुसऱ्या टोकाला

डोळे मिटून समजा, मुलांनो, की तुमच्या तळहातावर लोखंडाची एक गोल चकती आहे — थंडगार, तळहात भरून बोटांवर उतरणारी, आणि तिला भोकंच भोकं, मधमाश्यांच्या पोळ्याला असतात तशी. ती डोळ्याशी धरा. पलीकडे खिडकी आहे, खिडकीपलीकडे बर्फाने पांढरं झालेलं अंगण आहे, पण सगळं तुकड्यातुकड्यांनी दिसतं. एका भोकात कुंपणाचा खांब, दुसऱ्यात अर्धा पक्षी... आणि आता असं समजा, की घरात तुमच्याशिवाय कुणी नाही, त्यामुळे चकती डोळ्याशी धरून बसलेल्या म्हातारीला ‘हे काय चाललंय?’ असं विचारणारंही कुणी नाही.

आल्वा नूर्डीनने चकती खाली घेतली, फडक्याने पुसली आणि कोटाच्या खिशात टाकली. कोट एका बाजूला ओढला गेला. मापाला बरी, तिने स्वतःला सांगितलं. दुकानात जाऊन नुसतं ‘लहान पाहिजे’ म्हटलं की भागत नाही. कशापेक्षा लहान, ते दाखवावं लागतं. शाळेत जन्मभर चौथीच्या मुलांना हेच तर शिकवलं — लहान हा शब्द एकटा उभा राहत नाही, त्याला शेजारी कुणीतरी लागतं.

चकती ज्याची, ते खिम्याचं यंत्र स्वयंपाकघरात दोन खुर्च्यांच्या मधे होतं. खुर्च्यांवर आडवी फळी, फळीच्या मध्यावर बोल्टांनी बसवलेलं काळं अवजड यंत्र. आईच्या घरून फळीसकट आलेलं. नाताळच्या आधी बटाट्याचं सॉसेज करायचं म्हणजे ते आदल्या दिवशी मागच्या व्हरांड्यात थंडीत ठेवायचं, कारण लोखंड ऊबदार असलं की चरबी वितळते आणि खिम्याचा चिखल होतो. मग फळीच्या एका टोकाला एकाने बसायचं, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याने — घोड्यावर बसल्यासारखं, समोरासमोर. एकाने मांस, कांदा, बटाटा यंत्राच्या तोंडात सोडायचा. दुसऱ्याने दांडा फिरवायचा. दोघांचं वजन असलं तरच फळी जागची हलत नाही.

आज सकाळी ती फिरवायच्या टोकाला बसली, तर दुसरं टोक उचललं जाऊ लागलं. तिकडे तिने बटाट्यांचं पोतं ठेवलं. चार फेऱ्यांत पोतं घसरलं आणि बटाटे फ्रिजखाली, शेगडीखाली, थेट दारापर्यंत गेले... आणि ती हसली. मोठ्याने हसली, आणि हसता हसता समोर पाहिलं. तिचा नवरा रूबेन अशा वेळी हसायचा नाही. तो गंभीर चेहऱ्याने बटाट्यांना हाका मारायचा. मार्चमध्ये रूबेन गेला. माती इतकी गोठलेली होती की खड्डा खणायला यंत्र मागवावं लागलं — हे आत्ता कशाला आठवायचं?

फोनवर मुलगा एल्डन म्हणाला होता, “आई, यंदा राहू दे ना. तयार मिळतं दुकानात.” एल्डन यंदा बायकोच्या माहेरी अ‍ॅरिझोनात असणार होता. “एकटीसाठी किती करशील?”

तिने केलंही होतं, मागच्या आठवड्यात. मूठभर मांस आणून सुरीने बारीक केलं, कांदा घातला, मीठ घातलं. मीठ ती कधी मोजत नसे. हात डब्यात जायचा, मूठ भरायची, बस. पण ती मूठ सगळ्या घराच्या परातीची होती. हाताला दुसरं माप ठाऊकच नव्हतं... आधी एक छोटी वडी तळून रूबेनपुढे धरायची आणि तो चघळत, छताकडे बघत, दरवर्षी म्हणायचा, “मीठ जरा हवं.” दरवर्षी. आणि या खेपेला सगळं खारट झालं, तर ते सांगायला कुणी नव्हतं. तिने ते तीन दिवस खाल्लं. टाकलं नाही. टाकलं असतं तर कुणी पाहणार होतं का? तरी खाल्लं.

म्हणून लहान यंत्र. एका हाताने फिरवता येईल, दुसऱ्या हाताने भरता येईल, असं. ठरलंच होतं ते. लहान घरात आलं की मोठं जाईल, हार्डवेअरवाल्या वेंडेलने नेतो म्हणून सांगितलंही होतं. पण चकती खिशात घेऊन गोठलेल्या तळ्याकाठच्या रस्त्याने चालताना तिला राहून राहून वाटत होतं, की आपण यंत्र घ्यायला निघालोच नाही. आपण कुठेतरी सही करायला निघालो आहोत — की आता या घरात समोरासमोर कुणी बसणार नाही.

वेंडेल कांगासचं हार्डवेअरचं दुकान केरोसीन आणि ओल्या लोकरीच्या वासाने भरलेलं होतं. वेंडेल केव्हाचा आजोबा झाला होता, तरी तिला पाहताच त्याने टोपी काढली, चौथीत काढायचा तशी.

“या बाई! बटाटे दळायला आलात ना? तुम्ही स्वीडिश लोक म्हणजे... आम्ही फिनिश निदान सॉसेजमध्ये मांस तरी घालतो.”

“आठचा पाढा म्हण आधी,” आल्वा म्हणाली. “मग बोल.”

“अजून? बाई, माझी पाठ वाकली आता!”

“वाकेल नाही तर काय! बाकावर तसाच बसायचास.”

काउंटरखालून खुदखुद ऐकू आलं. एक लहान मुलगी खोक्यावर बसून खिळे आणि स्क्रू वेगळे करत होती. “ही आइनो, माझी नात,” वेंडेल म्हणाला. “थंडीमुळे शाळा बंद. सकाळपासून माझं डोकं खातेय.”

“तुम्ही आजोबांना मारायचात?” आइनोने विचारलं.

“नाही गं. नुसती बघायचे.”

“ते तर जास्तच वाईट,” वेंडेल म्हणाला.

त्याने काउंटरवर तीन यंत्रं मांडली. एक विजेचं, पांढरं, गुळगुळीत. आल्वाने त्याचं झाकण उघडून आतलं मळसूत्र बोटाने दाबून पाहिलं. प्लास्टिक. “हे तापेल,” ती म्हणाली, “आणि मी पुसत बसेपर्यंत मांसाची लापशी होईल.” दुसरं हाताने फिरवायचं, खाली रबराचं बूड, दट्ट्या दाबला की टेबलाला चिकटणारं.

“काचेवर, फरशीवर झकास चिकटतं.”

“माझं टेबल पाइनचं आहे. त्याला माझ्यापेक्षा जास्त सुरकुत्या आहेत.”

तिसरं कल्हईच्या कथिलाने चकाकणारं, बिडाचं, छोटं; खाली शिकंजा, टेबलाच्या कडेला आवळायचा. तिने दांडा फिरवून पाहिला. हलका फिरला. खिशातली चकती काढून तिने त्याच्या चकतीशेजारी ठेवली — ताटाशेजारी वाटी. आइनो उठून आली, मोठी चकती उचलून डोळ्याशी धरली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही कितीतरी जणी दिसताय!”

“घरी किती करायचं असतं हल्ली?” वेंडेलने खोका शोधता शोधता सहज विचारलं.

“दोघांपुरतं,” आल्वा म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि दुकानात तसाच उभा राहिला. दुरुस्त करावा का? दुरुस्त कसा करायचा असतो — ‘दोघांपुरतं नाही’ म्हणून? वेंडेल रूबेनच्या शवपेटीच्या उजव्या बाजूला होता, त्याने खांदा दिला होता. तो खोक्यातच डोकं घालून राहिला, हवा त्यापेक्षा जरा जास्त वेळ.

“दोघांपुरतं असेल तर हे बरं,” तो म्हणाला. “हेच न्या.”

रस्ता निसरडा म्हणून त्याने तिला आपल्या ट्रकमधून घरी सोडलं. “आलोच आहे तर मोठंही घेऊन जातो आजच. शिकारी मंडळींच्या क्लबात पुढच्या मोसमाला हरणाचा खिमा करायला लागेल. तुमचीही जागा मोकळी होईल.”

“हो,” आल्वा म्हणाली. “जागा मोकळी होईल.” बोलताना खिशात हात गेला. चकती तिथेच होती.

खोका आइनोने पोटाशी धरून स्वयंपाकघरात आणला आणि टेबलावर ठेवला. वेंडेलने दारातूनच फळी आणि यंत्र डोळ्यांनी तोलून पाहिलं, शीळ घातली, आणि ट्रकच्या मागची दोरखंडं सरकवायला परत गेला. आल्वा खोका उघडणार होती. कात्री हातात घेतली होती. पण चिकटपट्टीवर टोक ठेवून ती तशीच उभी राहिली... मीठ किती लागेल? चमच्याने घालावं लागेल आता, नवशिक्यासारखं. वडी तळून आपणच खायची, आणि छताकडे बघायचं, आणि म्हणायचं — कुणाला म्हणायचं?

“ही सी-सॉ आहे?” आइनोने विचारलं.

“नाही. यावर बसायचं असतं. खिमा होईपर्यंत.”

“नुसतं बसायचं?”

“नुसतं बसायचं. मी तुझ्याएवढी होते तेव्हा मला तेवढंच काम होतं.” कात्री कधी खाली ठेवली ते तिला कळलं नाही. “आई म्हणायची, तुझं वजन हवंय आम्हाला, तुझे हात नकोत. पाय लोंबते ठेवून बसायचं. सगळं मांस संपलं, सगळा बटाटा संपला, की शेवटी आई पांढरा पाव आत घालायची. आत अडकलेलं सगळं तो पाव ढकलत आणतो. आणि इथून, या तोंडातून, पाव बाहेर आला की समजायचं काम झालं. तोपर्यंत उठायचं नाही.”

“उठलं तर?”

“उठलं तर दुसरं माणूस आपटतं.”

आइनोने विचार केला. मग बूट न काढताच ती फळीवर चढली — रूबेनच्या टोकाला, पण तिला ते कुठून ठाऊक असणार — आणि पाय लोंबते सोडून बसली. बुटांचं बर्फ फरशीवर ठिबकू लागलं. समोरचं टोक रिकामं होतं. आल्वाला एकाएकी आपल्या अंगाचं वजन जाणवलं, सगळं, खिशातल्या लोखंडासकट. इतके महिने ते जणू कुणी मोजलंच नव्हतं. ती खुर्चीपर्यंत गेली. बसली नाही. फळीवर नुसता हात टेकला, आणि फळी हलली नाही.

“आइनो!” बाहेरून वेंडेलचा आवाज आला. “दार धर गं जरा! मी येतोय उचलायला.”

पोरीने ऐकलं. तिने दाराकडे पाहिलं, मग आल्वाकडे, मग यंत्राच्या रिकाम्या तोंडाकडे, जिथून पाव यायचा होता. मग तिने दोन्ही हातांनी फळीची कड धरली, आणखी जराशी मागे सरकली, आणि नीट बसली.